जोत्याचा दगड

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाकडून तांबडी जोगेश्वरीकडे जाताना नजर दुकानांवर आणि गर्दीवर खिळते, जुन्या वाड्यांच्या उरल्यासुरल्या जोत्यांकडे जात नाही. एखादं जोतं जवळून पाहावं. काळ्या चिऱ्यावर टाकीचे घाव दिसतात आणि त्यांच्यामध्येच गव्हाच्या दाण्याएवढ्या पोकळ्या. घाव पाथरवटाचे, पोकळ्या सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या. पावसात हा दगड आणखी काळा होतो आणि पेठेला गंभीर, मुरलेली कळा येते. माझ्या मते ती कळा दगडाच्या जातीपेक्षा तो कुठे निवला, यातून आली आहे.

पेठेतला हा दगड दख्खनचा बेसाल्ट; आइसलँडचा खडकही बहुतांशी बेसाल्टच. १९९६ साली तिथे व्हातनायोकुल या विशाल हिमनदीखाली, ग्याल्प इथे, भेग फुटली. वर शेकडो मीटर बर्फ, त्यामुळे लाव्ह्याला पसरायला वावच नव्हता. वितळलेल्या पाण्यात तो थिजून काचेच्या चुऱ्यात फुटत गेला, चुरा भेगेवरच साचला आणि बर्फाखाली काही किलोमीटर लांबीची डोंगरधार उभी राहिली. हिमयुगातल्या अशाच धारा रेक्यानेस द्वीपकल्पावर आज उघड्या दिसतात; त्यांना आवळून धरणारा बर्फ केव्हाच वितळला, त्यांचे उभे उतार तेवढे राहिले. दख्खनच्या लाव्ह्याला बर्फाचा असा अटकाव नव्हता. तो थरावर थर पसरत गेला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापून आहे. सह्याद्रीच्या धारा उद्रेकानं रचलेल्या नाहीत, पाण्यानं हे थर कापल्यावर उरलेल्या आहेत.

कुणी म्हणेल, हा फरक लाव्ह्याच्या अफाट राशीचा, बर्फाचा नव्हे. रास किती यावर पसारा ठरतो, हे खरं. पण आइसलँडमध्येच १७८३ साली लाकीची २७ किलोमीटरची भेग उघड्यावर फुटली, तेव्हा लाव्हा दऱ्याखोऱ्यांतून वाहत सुमारे ६०० चौरस किलोमीटरवर पसरला. दख्खनमध्येही लाव्ह्याला पाणी भेटलं होतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबई परिसरात पाण्याखाली थिजलेले, उशांसारखे गोलसर खडक आहेत. पण घाटात दोन थरांमध्ये दिसणारे तांबड्या मातीचे पट्टे पाहा. त्यातले बरेचसे एका उद्रेकानंतर दुसरा येईपर्यंत उघड्यावर झिजलेल्या खडकाचे आहेत.

पेठेचा भाव माणसांनी घडवला, दगडानं नव्हे, हेही कुणी म्हणेल. माणसांनी घडवला हे मान्यच. पण घडवायला हाताशी काय होतं, तेही पाहायला हवं. बर्फाखालचा चुरा पुढे घट्ट झाला तरी त्याचा खडक तुलनेनं ठिसूळच राहतो. उघड्यावर सावकाश निवलेल्या थरात स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात, म्हणूनच त्यातून टाकीखाली भुगा न होणारा, कंगोरा धरणारा चिरा निघतो. पाथरवटाला जोत्यासाठी असाच दगड लागत होता.