आधी गाऱ्हाणे, मग आरती



वयाची ७५ वर्षे सरली. गळा साथ देईना म्हणून कीर्तनसेवा थांबवली, पण माणसे अजून घरी येतात. चहा होतो, पाऊसपाण्याचे बोलणे होते, आणि उठायच्या बेताला खरे कारण बाहेर पडते. भावाशी अबोला आहे. सुनेशी पटत नाही. व्याह्यांनी भर मांडवात काही ऐकवले, ते अजून सलते. "महाराज, काहीतरी सांगा."

मी वर्षानुवर्षे एकच सांगत आलो. आपण वारकरी. समोरचा लहान असो की मोठा, आपण आधी वाकावे, त्याच्या पायावर डोके ठेवावे, की भांडण तिथेच संपते. ऐकायला गोड आहे आणि आपल्या रीतीलाही धरून आहे. पण ते अर्धेच खरे आहे. हे मला ज्यांच्यामुळे कळले, त्यांची गोष्ट आज लिहितो.

माझ्या साथीला एक मृदंगाचार्य होते. नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना बुवाच म्हणायचो. २२ वर्षे माझ्या डाव्या हाताला उभे राहून त्यांनी वाजवले. चाल उचलायला मी श्वास घेतला, की त्यांची थाप तयार असे. एका गावच्या सप्ताहात पाचव्या रात्री माझे कीर्तन होते. निरूपणाला ताटीच्या अभंगांचा प्रसंग घेतला होता. लोकांचे बोल जिव्हारी लागून ज्ञानोबाराय झोपडीचे दार लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून विनवू लागली, तो. मांडव भरलेला, लोक डोळे पुसत होते. चाल उंच गेली आणि बुवांचा ठेका मागे पडला. मी वळून म्हणालो, "आज बुवांचा मृदंग पंगतीतून उठून आलेला दिसतो, डुलक्या घेतोय." मांडव खळखळून हसला. मलाही बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

बुवांनी शेवटपर्यंत वाजवले. मग मृदंगाला गवसणी घातली आणि न जेवता गेले. पुढच्या सप्ताहाला आले नाहीत.

त्या वर्षी प्रस्थानाला आळंदीत ते समोर दिसले. मी गर्दीतून वाट काढत गेलो आणि सरळ पायावर डोके ठेवले. त्यांनीही माझ्या पायावर ठेवले. उराउरी भेटलो. भोवतालची मंडळी म्हणाली, "मिटलं एकदाचं." मलाही तसेच वाटले. पण बुवा वाजवायला आले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, तिसऱ्याही वर्षी नाही. मी लोकांना सांगत फिरलो, "मी तर पाय धरले. आता अजून काय करायचं?"

घरी हे बोललो, तेव्हा आमची मंडळी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा नमस्कार म्हणजे पळवाट असते. माझं बोलणं अर्ध्यावर असतं आणि तुम्ही 'चुकलं माझं' म्हणून मोकळे होता. मग उरलेलं मी कुणाला सांगायचं?" मला राग आला. तो राग घेऊनच मी त्या वर्षी वारीला निघालो.

माउलींच्या सोहळ्यात तुम्ही चालला असाल, तर मुक्कामावरची समाजआरती तुम्हाला ठाऊक आहे. पालखी तळावर येते. भोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळे थांबते. हजारो टाळ गप्प होतात. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवतच राहते. कुणी तिला दटावत नाही. चोपदार स्वतः तिथवर चालत जातात, काय झाले ते ऐकतात, त्याचा निवाडा होतो, मग तो टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्याचे पुकारे होतात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती. तोवर माउलींची पालखीही थांबून असते.

हे मी किती वर्षे पाहिले होते! नातेपुत्यात त्या संध्याकाळी एका दिंडीचा टाळ वाजत राहिला. चालीच्या क्रमात कुणी मध्ये घुसले, असे काहीसे किरकोळ कारण होते. माझ्या शेजारचा वारकरी पाय दुखत असल्याने वैतागून म्हणाला, "एवढ्यासाठी सगळ्यांना उभं केलं." आणि मला एकदम बुवा आठवले. आळंदीत मी आधी आरती करून टाकली होती, त्यांचा टाळ ऐकलाच नव्हता. पायावर डोके ठेवलेल्या माणसाला कुणी गाऱ्हाणे सांगू शकते का? मी वाकलो तो त्यांचे तोंड बंद करायला. हे मला तेव्हा उमगले नव्हते, पण केले मात्र तेच होते.

वारीहून परतल्यावर त्यांच्या गावी गेलो. ते ओसरीवर मृदंगाला कणीक लावत होते. उठायला लागले. म्हणालो, "बुवा, नमस्कार नंतर. आज तुमचं गाऱ्हाणं ऐकायला आलोय." बराच वेळ ते कणीक मळत राहिले. मग बोलले. सप्ताहात रोज वाजवून बोट फाटले होते, चिंधी बांधून वाजवत होते. मला म्हणावेसे वाटले, "मग सांगायचं ना!" जीभ दाताखाली धरली. ते म्हणाले, लोक हसले त्याचे काही नाही. इथेही "थट्टाच होती हो" असे ओठावर आले होते. मग म्हणाले, "माझा पोरगा पुढच्या रांगेत बसला होता. १२ वर्षांचा. नुकताच हात बसत होता त्याचा. त्या रात्रीपासून त्यानं मृदंगाला हात लावला नाही."

यावर ओठावर यायलाही माझ्याकडे काही उरले नाही.

माउली, तुम्हाला वाटेल ऐकून घेणे सोपे आहे. कीर्तनकाराला विचारा. आयुष्यभर लोकांनी आपले ऐकायचे, ही सवय. घरातल्या कर्त्या पुरुषाचेही तेच. सासू, थोरला भाऊ, जो कोणी उंच पाटावर बसतो, त्याला वाकणे एक वेळ जमते, खुलासा न करता गप्प बसणे जमत नाही. मुक्ताईचा प्रसंग मी शेकडो वेळा रंगवला, पण एक गोष्ट नजरेतून सुटली होती. लोक बोललेच नाहीत, तुला उगाच वाटले, असे ती म्हणत नाही. बोल लागले हे मान्य करून ती दाराशी उभी राहते.

मी विचारले, "आता काय करू?" बुवा म्हणाले, "चार लोकांत काढलंत, चार लोकांतच फेडा." पुढल्या वर्षी त्याच गावी, त्याच मांडवात, अभंगाला हात घालण्याआधी मी घडले ते सगळे सांगितले. बोटाची चिंधीसुद्धा. कुणी हसले नाही. बुवा डाव्या हाताला उभे होते. भजन सुरू करायला मी श्वास घेतला. थाप पडली, पण किंचित उशिराने. पूर्वीसारखी जुळायला आणखी दोन वर्षे लागली.

मुलगा त्या रात्री आला नव्हता. त्याचे गाऱ्हाणे वेगळे आहे, ते वडिलांच्या तोंडून ऐकून फिटत नाही, हे मला कळत होते. तरी आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षे गेली. म्हातारपणाचे कारण सांगतो, पण खरे कारण भीती. बुवा ४ वर्षांपूर्वी वारले. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, त्यालाही मुले आहेत. यंदा मी रथामागून फार चालणार नाही, पण पुण्याच्या मुक्कामापर्यंत येणार आहे. त्याच्या आईकडून पत्ता लिहून घेतला आहे.