खळ्यावरची मिश्र दुहेरी

बॅडमिंटन हा बंद दाराआड, लाकडी जमिनीवर खेळायचा शहरी खेळ, असा आपल्या शेतकरी घरांतून समज आहे. तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. त्या पिसांच्या फुलाचे वजन नियमानेच साडेपाच ग्रॅमच्या आत ठेवावे लागते. वाऱ्याची एक झुळूक आली की ते पूर्वेला मारलेले पश्चिमेला जाते. तरीही बदलापूरच्या आमच्या घरची मुले गेली सात-आठ वर्षे आमच्या खळ्यावर हा खेळ खेळत आली आहेत. झोडणी उरकली, उडव्या रचून झाल्या की खळे मोकळे होते. सारवलेल्या जमिनीवर फक्कीने रेघा मारायच्या, दोन बांबूंना जाळी बांधायची, की झाले मैदान. खरे मैदान 44 फूट लांब आणि दुहेरीसाठी 20 फूट रुंद असते. आमचे खळे तेवढे नाही, म्हणून एका बाजूची रेघ गोठ्याच्या भिंतीला टेकते. पलीकडच्या बांधापर्यंत इमारती आल्या तेव्हा घरात सगळे हळहळले होते. पण त्यांनी पश्चिमेचा वारा अडवला आणि खेळ सुधारला, हेही खरे.

माझा मुलगा आणि माझ्या दिरांची मुलगी, अशी दोघे बरोबरीची. तो बारावीत, ती अकरावीत. दोघे जोडीने खेळतात. मला या खेळातले पहिल्यांदा काही कळले ते या दोघांमुळेच. आणि कळले ते असे की, मला वाटते, ते आपल्या बायाबापड्यांनी ऐकावे.

या खेळात देशादेशांची एक मोठी स्पर्धा असते, सुदिरमन चषकाची. इंडोनेशियात बॅडमिंटनची संघटना उभी करणारे डिक सुदिरमन यांचे नाव तिला दिले आहे. चषकाच्या माथ्यावर तिकडच्या बोरोबुदूर मंदिराची प्रतिकृती आहे. 1989 साली जाकार्तात ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी होते. त्याआधी पुरुषांच्या संघांसाठी थॉमस चषक होता, बायकांसाठी उबेर चषक होता. पण पुरुष आणि बायका एकाच संघात, एकाच चषकासाठी, असे हे पहिलेच.

एका लढतीत पाच सामने होतात. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. मुलीने मला हे सांगितले तेव्हा मी भाकरी थापत होते. हात थांबवून मी हिशेब केला. उभे राहणारे आठ. त्यांत चार पुरुष, चार बायका. पुरुषांनी आपल्या बळावर मिळवायचे गुण दोन, बायकांनी आपल्या बळावर दोन, आणि पाचवा दोघांनी मिळून. जिंकायला लागतात तीन. म्हणजे पुरुष कितीही तगडे असोत, त्यांची बेरीज दोनावर अडते!

हे पुस्तकी गणित नाही, त्याचा फटका आपल्या देशाने खाल्ला आहे. 2022 साली बँकॉकला आपल्या पुरुषांनी थॉमस चषक जिंकला. अंतिम लढतीत इंडोनेशियाला 3-0 असे हरवले. लक्ष्य सेन, किदंबी श्रीकांत, सात्विकसाईराज आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी यांची नावे तेव्हा पेपरांत मोठ्या अक्षरांत होती. पुरुषांत आपण जगात पहिले. पण पुढच्याच वर्षी, 2023 साली, चीनमधल्या सुझौ येथे सुदिरमन चषकात आपला संघ पहिल्या गटातच संपला. तैवानकडून 1-4, मलेशियाकडून 0-5. दोन वर्षांनी 2025 मध्ये शियामेनलाही तेच झाले. डेन्मार्क आणि इंडोनेशिया, दोघांकडून 1-4. या चषकात भारताची मजल उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधी गेलेली नाही. चीनने मात्र तो 14 वेळा नेला, कारण त्यांच्या पाचही कोठ्यांत धान्य असते.

उलट उदाहरणही आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल खेळ झाले. तिथेही मिश्र संघांची स्पर्धा असते. अंतिम लढत मलेशियाशी होती. सात्विक आणि अश्विनी पोनप्पा यांनी मिश्र दुहेरी जिंकली. श्रीकांतने ली चोंग वेईसारख्या खेळाडूला हरवले. मग पुरुष दुहेरीत आपण हरलो आणि सगळे ओझे सायना नेहवालवर आले. ती तीन डावांत जिंकली आणि सुवर्णपदक आपले झाले. त्या तीन गुणांतला दीड गुण बायकांचा, असे आमची मुलगी म्हणते. अर्धा गुण कुठला, तर मिश्र दुहेरीतला.

सगळ्यांत मला आवडते ती गोष्ट पहिल्या, 1989 च्या स्पर्धेची. इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया यांची अंतिम लढत. इंडोनेशियाने घरच्या प्रेक्षकांपुढे पहिले दोन्ही सामने घालवले. आता एक जरी सामना गेला तरी सारे संपले. तिसऱ्या सामन्याला उभी राहिली सुसी सुसांती नावाची अठरा वर्षांची पोर. पहिला डाव ती 10-12 असा हरली. दुसऱ्यात हरण्याच्या अगदी काठावर जाऊन तो 12-10 असा ओढून आणला. आणि तिसरा? 11-0. समोरच्या मुलीला एक गुणही दिला नाही. तिच्यामागून पुरुष एकेरी जिंकली, मग मिश्र दुहेरी, आणि चषक इंडोनेशियाचा झाला. त्यानंतर आजवर त्यांना तो पुन्हा मिळालेला नाही. भात पिकवणारा देश आहे तो. त्या मुलीचा तिसरा डाव चालू असताना तिथल्या घराघरांतल्या म्हाताऱ्यांना काय वाटले असेल, हे मी कितीदा तरी मनात आणते.

आता आपल्याकडचे सांगते. बदलापूरवरून जाणारी गाडी कर्जत, खंडाळा करत पुण्याला पोचते. या खेळाच्या प्रवासातले एक ठाणे ते पुणेच. इंग्रज लष्करी अधिकारी तिथल्या छावणीत हा खेळ खेळत आणि सुरुवातीला त्याला ‘पूना’ असेच म्हणत. विलायतेत गेल्यावर एका सरदाराच्या वाड्यावरून त्याला बॅडमिंटन हे नाव पडले. तिकडची ऑल इंग्लंड स्पर्धा 1899 साली सुरू झाली तेव्हा तीत फक्त दुहेरीचे सामने होते, आणि त्यांत मिश्र दुहेरीही होती. एकेरी दुसऱ्या वर्षी आली. म्हणजे बाईमाणसाने या खेळात मागाहून शिरकाव केलेला नाही, ती पहिल्यापासून मैदानात आहे.

पुण्याचेच प्राध्यापक दि. ब. देवधर क्रिकेटसाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पण त्यांच्या मुली सुंदर, सुमन आणि तारा यांनी 1940 च्या दशकात देशातले महिला बॅडमिंटन गाजवले, हे किती जणांना माहीत आहे? त्या काळी घरच्या मुलींना रॅकेट हाती घेऊन चारचौघांत खेळू देणे ही सोपी गोष्ट नव्हती. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर त्यांच्या नंतरचे. 1956 साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. नाटेकरांचे नाव आमच्या मामंजींनाही ठाऊक होते, देवधर भगिनींचे नव्हते. यात मामंजींचा दोष नाही, त्यांना ते कोणी सांगितलेच नाही.

मामंजींचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरातला पेचही सांगून टाकते. 2025 च्या दिवाळीनंतर तो उभा राहिला. खळ्यावर खेळून जेवढे येते तेवढे मुलांना आले होते. पुढे शिकायचे तर बंद सभागृह हवे, शिकवणारा हवा. तशी एक सोय उल्हासनगरला असल्याचे कळले. आठवड्यातून तीन संध्याकाळी जायचे. फी एका मुलाची जेमतेम झेपण्यासारखी होती. शिवाय फुलांचा खर्च. प्लॅस्टिकचे फूल महिनाभर टिकते, पिसांचे एका संध्याकाळीत झिजते. रॅकेटची तार तुटली की तो खर्च वेगळा.

एकालाच पाठवायचे ठरले तर कोणाला, हे कोणी बोलून दाखवले नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. मामंजी वाईट माणूस नाहीत. नात त्यांची लाडकी आहे. पण उल्हासनगरहून रात्री नऊच्या पुढे निघायचे, अंबरनाथ टाकून बदलापूरला उतरायचे, तिथून वाडीपर्यंत अंधाराचा रस्ता. मुलीची काळजी त्यांना खरीच होती. दिरांचे म्हणणे वेगळे. दोन वर्षांत तिच्यासाठी स्थळे पाहावी लागतील, मग या शिकण्याचा उपयोग काय?

नेमके त्याच ऑक्टोबरात गुवाहाटीला कुमारांची जागतिक स्पर्धा झाली होती. तिथेही मिश्र संघांच्या लढती होत्या, पण गुण मोजायची रीत निराळी. पहिला सामना नऊ गुणांपर्यंत. दुसऱ्याने तो जिथे थांबला तिथून उचलायचा आणि अठरापर्यंत न्यायचा. असे करत पाच सामन्यांत 45. एकाने कमी केले तर पुढच्याने भरून काढायचे. आपली मुलेमुली कोरियाकडून पहिला डाव 44-45 असा एका गुणाने हरली, आणि पुढचे दोन 45-30, 45-33 असे जिंकली. उपांत्य लढत इंडोनेशियाने नेली, पण कांस्यपदक मिळाले. या स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिलेच पदक. भातकापणीचे दिवस होते. दिवसभर विळा चालवून आलेली आम्ही सगळी माणसे ओटीवर बसून मोबाइलवर ते पाहत होतो. सासूबाईंना दिसत कमी होते, म्हणून नात त्यांना गुण मोठ्याने सांगत होती.

सासूबाईंना ही रीत एकदम पटली. “आपल्या लावणीसारखंच की,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे नांगरणी, चिखलणी पुरुषांची. लावणी आणि बेणणी बायकांची. झोडणीला दोघे. एकाचे काम अडले की दुसऱ्याचे आवण सुकते. हे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मजुरीचा दर मात्र बाईला कमी, आणि त्याचे कारण विचारले तर कोणाला सांगता येत नाही.

झोडणी संपल्यावर एका रात्री पुन्हा फीचा विषय निघाला. सासूबाईंनी एकच विचारले, “बाईनं सामना जिंकला तर गुण अर्धा धरतात का?” नातू म्हणाला, “नाही, अख्खा.” त्या पुढे काही बोलल्या नाहीत, सुपारी कातरत राहिल्या. मग माझा मुलगा म्हणाला की एकट्याने जायचे असेल तर मला जायचे नाही, मिश्र दुहेरी मी कोणाबरोबर खेळू? तो काही फार मोठ्या मनाने म्हणाला असे मला वाटत नाही. त्याला जोडीदारीण हवी होती, इतकेच. पण काम झाले.

पैशाचा मार्ग मी काढला. दरवर्षी पेंढा आम्ही मार्गशीर्षातच मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. या वेळी तो ठेवला, आणि कल्याणकडच्या तबेलेवाल्याने भाव वाढवल्यावर दिला. अंधाराच्या रस्त्याचा प्रश्न दिरांनी सोडवला. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते स्वतः मोटारसायकल घेऊन स्टेशनवर उभे असतात. एका गाडीवर तिघे बसता येत नाही, म्हणून मुलगा सायकल स्टेशनजवळ लावून जातो आणि मागून येतो. स्थळांचे त्यांनी पुन्हा काढलेले नाही. पण सोडूनही दिलेले नाही, मला ठाऊक आहे.

तिथे गेल्यावर शिकवणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच दोघांची जोडी फोडली. मिश्र दुहेरीत बहुतेक वेळा मुलगी जाळीपाशी असते, मुलगा मागे, आणि समोरचे दोघे मुद्दाम मुलीवर मारा करतात. आमची पोर त्या माऱ्याला डरत नाही, खळ्यावर भावाचे जोरकस फटके खाऊन तयार झाली आहे. हे पाहून त्यांनी तिला अंबरनाथच्या एका मुलीबरोबर महिला दुहेरीत घातले. माझा मुलगा दोन दिवस घुम्यासारखा बसला. आता शनिवार-रविवारी तो बहिणीला खळ्यावर खेळायला बोलावतो, आणि ती हरवते तेव्हा वाऱ्याला नावे ठेवतो. जाळी अजून बांबूंना बांधलेलीच आहे. वालाच्या शेंगा वाळून खळ्यावर आल्या की सोडावी लागेल.