मिसरदेशाचा बेत

आमच्या पेठेंत परदेशीं जाणें ही आतां बातमी राहिलेली नाहीं. वाड्यागणिक एखादा मुलगा अमेरिकेंत आणि एखादी मुलगी जर्मनींत आहे, आणि त्यांच्या बाळंतपणांसाठीं जाऊन-येऊन राहणाऱ्या आजीबाईंना विमानतळांचीं नांवें लोणावळा-कर्जतप्रमाणें पाठ झालीं आहेत. परंतु कोणाचें बाळंतपण नाहीं, कोणाचा पदवीदान-समारंभ नाहीं, केवळ एक जुना देश डोळ्यांनीं पाहावा एवढ्यासाठीं घरांतील चार माणसांनीं उठून निघावें, हें आमच्या घराण्यांत प्रथमच घडत होतें. त्या बेतापायीं आमच्या माजघरांत महिनाभर जी वादावादी झाली, तिची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. अशा सफरीच्या विचारांत असलेल्या इतर कुटुंबांस तींतून चार गोष्टी उपयोगी पडतील, अशी आशा आहे.

विषय काढला तो आमच्या आत्याबाईंनीं. त्यांस एकुणऐंशीवें वर्ष संपलें आहे. त्यांनीं लग्न केलें नाहीं. मुलींच्या शाळेंत चौतीस वर्षें इतिहास शिकविला. मिसरदेश ही नाईल नदीची देणगी होय, हें हिरोडोटसचें मत त्यांनीं इतक्या पिढ्यांकडून पाठ करून घेतलें आहे कीं, मंडईंत भाजी घेतांना एखादी पन्नाशीची बाई मध्येंच वांकून नमस्कार करते आणि हेंच वाक्य म्हणून दाखविते. त्यांनीं स्वतः मात्र काशी आणि रामेश्वर यांपलीकडे कांहीं पाहिलें नव्हतें. १ नोव्हेंबर २०२५ रोजीं गिझाच्या पिरॅमिडांजवळ नव्या भव्य संग्रहालयाचें रीतसर उद्घाटन झालें, आणि १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यास तुतनखामेनच्या कबरींत सांपडलेल्या वस्तूंचा सारा ठेवा प्रथमच एका छपराखालीं मांडला गेला. ती बातमी आत्याबाईंनीं वाचली, कागद चौघडी करून टेबलाच्या कांचेखालीं ठेवला, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "मला मिसर पाहायचा आहे. पैसे माझे. तुम्हीं फक्त बरोबर चलायचें."

पानांवरून उठलेलीं माणसें तशींच उभीं राहिलीं. प्रथम बोलले ते आमचे ज्येष्ठ बंधु. दादा हे घरांतील कर्ते. त्यांचा विरोध कंजूषपणाचा नव्हता, तो भीतीचा होता. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. परमुलखांत कांहीं झालें तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचें? आत्याबाईंनीं शांतपणें विचारलें, "आणि इथें राहिल्यें तर कांहीं होणार नाहीं, असें कोण लिहून देतो?" त्या रात्रीं सभा तेथेंच मोडली.

दुसऱ्या दिवशीं आमच्या पुतणीनें तीन सहल-कंपन्यांचीं पत्रकें आणून पुढें टाकलीं. स्वतंत्रपणें जावें कीं मंडळींबरोबर जावें, हा प्रश्न फार वेळ चालला नाहीं. स्वतंत्र प्रवासाचे गोडवे गाणाऱ्या तरुणांस आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या देशाची लिपि वाचतां येत नाहीं, भाषा कळत नाहीं आणि ज्यांत एक वृद्ध बाई बरोबर न्यावयाची आहे, तेथें बॅगा, मोटारी आणि जेवणें यांची चिंता दुसऱ्यानें वाहिलेली बरी. खरा प्रश्न होता तो पत्रक वाचण्याचा. हें वाचन दस्तऐवज वाचण्याइतकेंच सावधपणें करावें लागतें, हें आम्हांस आत्याबाईंनीं शिकविलें. त्यांनीं तांबडी पेन्सिल घेतली आणि तिन्हीं पत्रकें उत्तरपत्रिकांप्रमाणें तपासलीं.

पहिली खूण पडली ती दिवसांवर. "आठ दिवस, सात रात्री" या शब्दांतील पहिला दिवस विमानांत आणि रांगेंत जातो. शेवटचा दिवस न्याहारी करून विमानतळाकडे जाण्याचा असतो. उरले सहा, त्यांतून कैरो ते लक्सर या प्रवासाचा अर्धा दिवस वजा करावा. दुसरी खूण शब्दांवर. एका पत्रकांत एकाच पानावर तीन वेगळे शब्द होते: "भेट", "दर्शन" आणि "बाहेरून दर्शन". कचेरींत जाऊन विचारतां कळलें कीं, भेट म्हणजे तिकीट काढून आंत प्रवेश. दर्शन म्हणजे उतरून फोटो काढण्यापुरता वेळ. आणि बाहेरून दर्शन म्हणजे मोटारीच्या खिडकींतून दिसेल तेवढें. नव्या संग्रहालयास एका कंपनीनें दोन तास दिले होते, आणि पपायरसचें दुकान, अत्तराचें दुकान व दगडी मूर्तींचें दुकान या तिन्हींस मिळून तीन. आत्याबाईंनीं त्या ओळीखालीं "अनुत्तीर्ण" असें लिहिलें आणि पत्रक रद्दींत टाकलें.

तिसरी गोष्ट वाटाड्याची. मंडळींबरोबर पुण्या-मुंबईहून जो व्यवस्थापक जातो, तो तिकिटें, खोल्या आणि रुसवेफुगवे सांभाळतो; देवळांचा इतिहास सांगण्याचें काम सरकारी परवाना असलेल्या तेथील वाटाड्याचें. त्यांतही लक्सरच्या पश्चिमेस राजांच्या कबरींचें जें खोरें आहे, तेथें कबरींत शिरून व्याख्यान देण्याची वाटाड्यास परवानगी नसते. तो बाहेर उभा राहून चित्रें दाखवितो आणि आंत आपण एकट्यानें जावयाचें. साध्या तिकिटावर तीन कबरी पाहतां येतात. तुतनखामेनच्या कबरीस वेगळें तिकीट पडतें. या गोष्टी कचेरींतील तरुणास आम्हीं विचारल्या तेव्हां तो गोंधळला. आत्याबाईंनींच त्यास समजावून दिल्या. तो बिचारा वही काढून लिहून घेऊं लागला. आमचें मत असें झालें कीं, वाटाड्या कितीही चांगला असो, घरून अभ्यास करून न गेलेल्या माणसास त्या खोऱ्यांत रंगविलेल्या भिंतींखेरीज फारसें कांहीं दिसणार नाहीं.

म्हणून घरांत रोज रात्रीं तास भरूं लागला. आत्याबाई खुर्चीवर, पुतणी व तिचे दोन भाऊ सतरंजीवर, आणि आम्ही व आमच्या सौ. दाराशीं. १७९९ सालीं सांपडलेला रोझेटाचा शिलालेख, १८२२ सालीं शांपोल्यों यानें उलगडलेली चित्रलिपि, खुफूच्या पिरॅमिडाची मूळची शेंचाळीस अधिक शंभर मीटर उंची, हें सारें ओघानें आलें. पण मुलें खरी चकित झालीं तीं एका वेगळ्याच गोष्टीनें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसरमध्यें राहणाऱ्या, ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तींत भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. आणि घाटावरचीं पैठण व तेर हीं गांवेंही आहेत. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून सुती कापड गाड्यांत घालून भडोचेस नेत, असें तो सांगतो. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या मिसरी बंदराच्या उत्खननांत हिंदुस्थानांतून गेलेल्या मिऱ्यांनीं भरलेला रांजण मिळाला. त्यांत साडेसात किलो मिरीं होतीं. आमच्या कार्ल्याच्या चैत्यांत खांबांवर यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, हें तर मुलांनीं सहलीच्या वेळीं पाहिलेलेंच होतें. "म्हणजे ते लोक आपल्याकडे आधीं येऊन गेले," धाकटा पुतण्या म्हणाला, "आपण आतां परत भेटीला चाललों."

बेत येथपर्यंत आला आणि अडला तो अबू सिंबेलपाशीं. अस्वानपासून वाळवंटांतून एका बाजूचा सुमारे दोनशें ऐंशी किलोमीटरांचा रस्ता. पहाटे चारच्या सुमारास निघावें तेव्हां दुपारीं परत. पत्रकांत तो भाग "ऐच्छिक" म्हणून दिलेला होता. दादा म्हणाले, सारें मान्य, पण हा एक दिवस गाळा. त्या दिवशीं आत्यानें बोटीवर विश्रांति घ्यावी. आम्हांसही तें पटलें होतें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्या उठून आपल्या खोलींत गेल्या व पत्र्याच्या ट्रंकेंतून एक पिवळें पडलेलें कात्रण घेऊन आल्या. दोरखंडांनीं बांधलेला रामेसेस राजाचा प्रचंड दगडी चेहरा यारीवर अधांतरीं लोंबत आहे, असें तें चित्र होतें.

अस्वानच्या मोठ्या धरणाचें काम १९६० सालीं सुरू झालें. त्याच्या पाण्याखालीं न्यूबियांतील देवळें जाणार, म्हणून त्याच वर्षीं युनेस्कोनें जगास हांक दिली. आपल्याकडूनही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखालीं पुरातत्त्वज्ञांची एक तुकडी १९६२ सालीं तेथें उत्खननास गेली होती. १९६४ ते १९६८ या काळांत अबू सिंबेलचीं दोन्हीं देवळें कापून त्यांचे हजारांहून अधिक दगड काढले, त्यांवर क्रमांक घातले आणि सुमारे पासष्ट मीटर वर व दोनशें मीटर मागें नेऊन तीं पुन्हां जशींच्या तशीं उभीं केलीं. मूळ देवळाच्या गाभाऱ्यांत वर्षांतून दोन दिवस सूर्यकिरण पोंचत. तेंही गणित सांभाळलें, आणि आजही २२ फेब्रुवारी व २२ ऑक्टोबर या दिवशीं ते पोंचतात.

हें सारें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. आत्याबाईंनीं त्या रात्रीं सांगितलें तें ठाऊक नव्हतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां त्या चौदा वर्षांच्या होत्या. आमचा वाडा उंचावर, म्हणून वांचला. पण आमच्या आजोबांनीं घराण्याचे जुने कागद, सनदांच्या नकला, पणजोबांची पंचवीस वर्षांची रोजनिशी असें सगळें दप्तर नीट बांधून घेण्यासाठीं नदीजवळच्या एका बांधणीवाल्याकडे आठच दिवसांपूर्वीं दिलें होतें. पाणी ओसरल्यावर आजोबा तेथें गेले. आत्याबाईही मागोमाग गेल्या. चिखलांत लगद्याचा एक गोळा मिळाला. आजोबांनीं तो घरीं आणून गच्चीवर वाळत घातला, आणि चार दिवस ते त्याची पानें सोडवीत बसले होते. एकही पान सुटलें नाहीं. पुढें आजोबांनीं घराण्याच्या इतिहासाचा विषय कधीं काढला नाहीं. आणि आत्याबाईंनीं कॉलेजांत गणित सोडून इतिहास घेतला.

"आपलीं पानें कोणी उचलून ठेवलीं नाहींत," त्या म्हणाल्या. "त्याच दिवसांत, अशाच एका धरणासाठीं, माणसांनीं अख्खा डोंगर उचलून ठेवला. पिरॅमिड राहिले तरी चालतील. तेवढा मला पाहायचा आहे."

दादांनीं कात्रण हातांत घेतलें, चष्मा काढून पुसला आणि पुन्हां पाहिलें. मग त्यांनीं पुतणीस विचारलें, "अस्वानहून तिकडे विमान जातें ना?" विमान जातें, पाऊण तासांत जातें, फक्त तें सहलीच्या दरांत धरलेलें नसतें. "तो जास्तीचा खर्च माझा," असें म्हणून दादा झोंपावयास गेले. पिरॅमिडाच्या आंतील अरुंद, वांकून चढण्याची वाट मात्र आत्याबाईंनीं आपण होऊन सोडली.

यापुढची हकीकत किरकोळ आहे. पारपत्रासाठीं आत्याबाईंचा जन्मदाखला शोधतां तिथि आश्विनांतील निघाली आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून. आमच्या पिढीपर्यंत निम्मा महाराष्ट्र हेडमास्तरांच्या कृपेनें १ जूनलाच जन्मला आहे, हें कचेरींतील अधिकाऱ्यांसही माहीत असावें. फारशी अडचण आली नाहीं. वयोवृद्धांच्या विम्याचा हप्ता तरुणांच्या कित्येक पट पडतो, आणि जुनें दुखणें आधीं लिहून न दिल्यास तो विमा निरुपयोगी ठरतो. तेव्हां रक्तदाबाची गोळी लपविण्याचा आमच्या सौ.चा सल्ला मानला नाहीं, हें बरें झालें.

जेवणाची काळजी वहिनींना. पण मिसरी लोकांचें रोजचें कोशरी नांवाचें अन्न तांदूळ, मसूर, हरभरे आणि शेवया यांचें असतें, व तें आपल्या खिचडीचें नातेवाईक असावें असें पुष्कळांचें मत आहे. वर तळलेला कांदा घालतात. तो बाजूला काढतां येतो, असा निकाल आत्याबाईंनीं दिला. तरी मेतकूट, भाजणी आणि बेसनाचे लाडू यांचा डबा बॅगेंत जाणारच. पावलोपावलीं द्यावयाच्या खुशालीच्या पैशांस तेथें "बक्शीश" म्हणतात. हा शब्द फारसींतून तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. तेव्हां निदान मागणाऱ्याचें म्हणणें समजण्यास दुभाषी लागणार नाहीं.

माघांत निघावयाचें ठरून विसार भरला आहे. डॉक्टरांनीं संमति दिली ती एका अटीवर, कीं चालण्याची व पायऱ्यांची संवय हळूहळू वाढवावी. त्याप्रमाणें रोज सकाळीं साडेसहाला दादा आत्याबाईंना रिक्षानें पर्वतीच्या पायथ्याशीं नेतात. एकशें तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशीं बारा झाल्या. दादा बरोबर चढतात, मोठ्यानें मोजतात आणि आंकडा घरीं येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहितात. काल चौसष्ट झाल्या. आज पाऊस शिंपडला म्हणून गेलों नाहीं, यावरून आत्याबाई सकाळपासून रागावलेल्या आहेत.