गोडादऱ्यातली कानबाई

चवथ तोंडावर आलेली असताना रजेचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "सुरतेला काय आहे?" म्हटले, "कानबाई." त्यांना काही कळले नाही. खरे सांगायचे तर मलाही कुठे ठाऊक होते!

माझी भाची धुळ्याकडच्या घरात दिली आहे. ती माणसे दोन पिढ्यांपूर्वी मागावर काम करायला सुरतेला आली आणि आता गोडादऱ्यात राहतात. लिंबायत, उधना, गोडादरा या भागात खानदेशी वस्ती मोठी. दुकानांवर पाट्या गुजराती, ओट्यांवर बोली अहिराणी. तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते, भुसावळहून रेल्वेही येते. माणसे त्याच वाटेने आली आणि येताना देवी घेऊन आली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. मूर्ती नाही, नारळच. त्याला नथ, दागिने घालून नवरीसारखे सजवतात. गव्हाचे रोट होतात आणि रात्र जागवतात. घर लहान, म्हणून बायका गाणी म्हणत गल्लीत उतरल्या आणि बघता बघता फुगड्या सुरू झाल्या. फुगडी म्हटल्यावर गोंयकार बाई बसून कशी राहील? मीही पदर खोचला. वीस वर्षे खुर्चीत बसून काढलेले गुडघे कुरकुरले, पण फिरले!

दम खायला बसलो तशी भाचीची आजेसासू म्हणाली, "तुमना गावनं गानं म्हना ना, बाई."

मी सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि पुढचे आठवेना. सगळ्याजणी थांबून माझ्याकडे पाहत होत्या.

आई आमच्या वाड्यावर धालोत पुढे असायची. पौषातले चांदणे, मांडावर समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेत हात घालून पुढे वाकणाऱ्या बायका. मी आजीच्या मांडीवर पेंगत ऐकत असे. मग कॉलेज, बी.ए., नोकरी. ही पदे काय, कधीही शिकता येतील असे वाटले. आईला जाऊन सहा वर्षे झाली. धालो आता स्पर्धेत, माईकसमोर पाहते आणि पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. लोककलेवर भाषण करायला सांगा, अर्धा तास बोलेन!

त्या म्हातारीने मात्र माझी फजिती होऊ दिली नाही. माझीच दुसरी ओळ उचलून तिला आपली चाल लावली आणि गाणे पुढे नेले.

सोमवारी मिरवणूक निघाली. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, पुढे बँड आणि मागे सगळी गल्ली नाचत. मीही नाचले. ऑफिसातले कोणी नव्हते, हे बरे.

मडगावला उतरले ती घरी न जाता वही घेऊन थेट मावशीकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते. म्हटले, मावशी, आईचे ते पद सांग, लिहून घेते. तिने वहीकडे पाहिले, भिंतीला धरून उठली आणि माझ्या कमरेत हात घातला.

"बसून कशें उगडास येतलें? उबें राव."