डंपाच्या पायथ्याशी

गोव्यातल्या डिचोली-साखळीच्या पट्ट्यात पावसाचा अंदाज आणि खाणींचा अंदाज एकाच सोप्यावर बसून बांधले जातात. पाऊस निदान जूनमध्ये येतो. खाणींचा काही भरवसा नाही. दुकानाच्या बाकावर, देवळाच्या सभामंडपात, अगदी बाराव्याच्या जेवणाला बसल्यावरही इकडचं तिकडचं बोलून झालं की कुणीतरी विचारतंच, "खणी केन्ना सुरू जातल्यो?" उत्तराची अपेक्षा कुणालाच नसते. बोलण्यासारखं आता काही उरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग माणसं हात धुवायला उठतात.

आमच्याकडे वर्षाचे दोनच ऋतू होते. पावसाळा आणि टिपर. ऑक्टोबरात रस्ते वाळले की टिपर सुरू होत आणि मे संपेपर्यंत थांबत नसत. खाणीवर लोहखनिजाचा माल भरायचा, काट्यावर वजन करायचं, सारमानस, आमोणे नाहीतर उसगावच्या धक्क्यावर ओतायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत पळायचं. पैसे ट्रिपेवर मिळायचे, म्हणून पळायचंच. धक्क्यावरून बार्जी मांडवीच्या पाण्याने मुरगावकडे जात आणि तिथून आमच्या टेकड्या जहाजात बसून परदेशी. पोर्तुगीज अमदानीत हा माल जपानला जायला लागला होता. पुढे चीनची भूक वाढली, आणि २०१०-११ च्या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. आम्हांला हा आकडा पुढे वर्तमानपत्रात वाचायला मिळाला. त्याआधी तो आम्ही रस्ता ओलांडण्यासाठी ताटकळून मोजत होतो.

त्या दिवसांत आमची आई पांढरे कपडे घरातच वाळत घालायची. सकाळी तुळशीला पाणी घालताना आधी एकेका पानावरून ओला हात फिरवायची. पानं तेवढ्यापुरती हिरवी व्हायची आणि वृंदावनाच्या पायरीवर तांबडा ओघळ उतरायचा. दुपारपर्यंत पानं पुन्हा होती तशी. पण त्याच वृंदावनामागची माडी टिपराच्या पैशाने चढली, हेही खरं. बहिणीचं लग्न, चुलत भावाचं इंजिनिअरिंग, बाबांची अँजिओप्लास्टी, सगळं त्याच धुळीतून निघालं. नाक्यावर टायरवाला होता, गॅरेज होतं, पहाटे चारला भाजी-पाव देणारं हॉटेल होतं, झारखंड-ओडिशाच्या ड्रायव्हरांना खोल्या देणारी घरं होती. गावातल्या निम्म्या चुली खाणीवर पेटत आणि उरलेल्या निम्म्या खाणीवर जाणाऱ्यांना जेवू घालत.

२०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल बाहेर आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. पुन्हा थोडी धावाधाव झाली. मग २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाण-लिजांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं ठप्प झालं. सरकारी भाषेत आम्ही 'खाण अवलंबित' झालो.

अवलंबितांच्या अंगणांत टिपर उभे राहिले. बँकेचे हप्ते मात्र चालत राहिले. आधी टायर विकले गेले, मग बॅटरी, मग कुणीतरी इंजिनाला गिऱ्हाईक आणलं. माझ्या चुलत भावाच्या टिपराचा सांगाडा शेवटी भंगारात गेला, पण मागचा फाळका त्याने दिला नाही. तो आज आमच्या व्हाळावर साकव म्हणून पडलाय. त्यावर कंपनीच्या यादीतला गाडीचा नंबर अजून वाचता येतो. ताडपत्री पावसाळ्यात लाकडांवर घालतात. पूर्वी ती मालावर नीट बांधलीच नाही म्हणून गावाने त्याच भावाची गाडी एकदा अडवली होती. आता ती कोपरेही न सोडता घट्ट बांधलेली असते.

धूळ गेली ती एका पावसाळ्यात. झाडांचा रंग परत आला आणि तुळस आता एकदाच पाणी मागते. पाण्याचा हिशेब मात्र इतक्या सरळपणे मिटला नाही. खनिज काढायचं तर खंदक भूजलाच्या पातळीखाली न्यावा लागे, आणि तो कोरडा ठेवायला पंप रात्रंदिवस चालत. त्याने आजूबाजूच्या विहिरी आटल्या. शिरगावात, जिथे लईराई देवीच्या जत्रेला हजारो व्रतस्थ धोंड येतात, तिथल्या विहिरी आणि शेतं खाणींपायी कशी सुकली ते साऱ्या गोव्याला ठाऊक आहे. सोनशीच्या लोकांनी २०१७ मध्ये धूळ आणि पाण्यासाठी टिपर अडवले तर त्यांतल्या पंचेचाळीस जणांना अटक झाली. पण खाणी चालू असताना उपसलेलं तेच पाणी पाटाने खालच्या शेतांत सोडलं जायचं आणि त्यावर वायंगणाचं, म्हणजे हिवाळ्यातल्या भाताचं, पीक उभं राहायचं. पंप थांबले तेव्हा खंदक भरले, काही विहिरींना पाणी आलं, आणि वायंगणाला मात्र ओल पुरेना. वर काठावरून पाहिलं तर खंदकातलं पाणी हिरवंनिळं, नितळ दिसतं. पर्यटक फोटो काढतात. आम्ही मुलांना तिथे जाऊ देत नाही, कारण काठाला धर नाही.

खंदकाच्या बाजूला डंप. एक टन माल काढायला दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागे, म्हणजे नेलेल्या डोंगरापेक्षा ठेवलेला डोंगर मोठा. त्याच्यावर अॅकेशिया लावलीय, कुठे काजू. लांबून रान वाटतं. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, सामान आणायला निघालं की फरक कळतो. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंजन शोधत आम्ही डंप ओलांडून पलीकडच्या खऱ्या डोंगरावर जातो. अॅकेशियाखाली नुसता पालापाचोळा. माटोळीला टांगावं असं तिथे काही उगवत नाही. पूर्वी आजोबा हे सगळं घरामागच्या चढावरून तासाभरात आणत. तो चढ आता खंदकात आहे. हल्ली निम्मं सामान साखळीच्या बाजारातून येतं आणि भाव ऐकून प्रत्येक घर तेच म्हणतं, रानात फुकट मिळायचं.

२०२२ च्या अखेरीला खाणींचे ब्लॉक लिलावात गेले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकात यंत्रं पुन्हा फिरू लागली. जनसुनावण्या झाल्या. आमच्या घरातून एका सुनावणीला दोन माणसं गेली, एकाच स्कूटरवरून. चुलत भाऊ 'सुरू करा' म्हणणाऱ्यांत बसला. धाकटा काका, ज्याची शेती डंपाखाली आहे, तो समोरच्या बाजूला. बाहेरच्या लोकांना यात भाऊबंदकी दिसली असती. आम्हांला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येक माणसाच्या पोटातच ही दोन माणसं असतात. त्या दिवशी ती वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसली इतकंच.

काकाचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "सुरू करा, बंद करा, ते तुम्ही ठरवा. खंदकावरचा पंप कोण चालवणार आणि पावसात शेतात येणारा डंपाचा गाळ कोण काढणार, तेवढं मला लिहून द्या." साहेबांनी मुद्दा टिपून घेतला. लेखी उत्तर अजून आलेलं नाही.

उत्तराची वाट पाहत वायंगण थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात खालच्या वाड्यातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून एक जुना डिझेल पंप घेतला. तो दर आठवड्याला बिघडतो. गावात इंजिनातलं कळणारी माणसं सगळी टिपरवालीच, त्यामुळे दुरुस्तीला चुलत भावालाच बोलवावं लागतं. तो येतो, पाना फिरवताना खाणी असत्या तर नवा पंप कंपनीनेच दिला असता म्हणून काकाला ऐकवतो. काका म्हणतो, खाणी नसत्या तर पंपच लागला नसता. वाद मिटत नाही, पंप मात्र चालू होतो.