ऐनवेळची खोली

हॉटेलातली खोली हा नाशवंत माल आहे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांना निदान दुसरा दिवस असतो. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकायला काढता येत नाही, ती रात्र गेलेली असते. म्हणून अमेरिकेतल्या महामार्गांवर दुपार कलली की खोल्यांचे दर हलू लागतात. सेंट लुईसहून मुलं, आई-बाबा आणि डिकीभर सामान घेऊन निघालेलं आमचं कुटुंब त्याच सुमाराला फोन उघडतं आणि पुढच्या गावात काय भाव चाललाय ते बघतं.

आधीच बुकिंग का करत नाही, असं मला बर्डीहून नेहमी विचारतात. (सीताबर्डीचं पूर्ण नाव नागपुरात पाटीवरच दिसतं, आम्ही बर्डीचे.) मोठ्या प्रवासात रात्री कुठं पोचायचं हे गाडीतली माणसं ठरवतात. सेंट लुईसहून आय-४४ या महामार्गाने सांता फेच्या दिशेला निघालं की तुलसा साधारण चारशे मैलांवर आणि ओक्लाहोमा सिटी पाचशे मैलांवर. कागदावर एका दिवसात ओक्लाहोमा सिटी होते. पण बाबांचे गुडघे आखडतात, धाकट्याला गाडी लागते आणि मेरामेक गुहांची पाटी दिसली की थोरलीला तिथं उतरायचंच असतं. आगाऊ घेतलेली खोली मग डोक्यावरची मुदत होऊन बसते. तिच्यापायी म्हाताऱ्या माणसांना अंधारात आणखी शंभर मैल न्यायचं, हे मला पटत नाही.

दर पडतात ते हिशेबाने पडतात. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि विमान कंपन्यांनी एकाच प्रकारची खुर्ची वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भावाने विकायचं तंत्र बसवलं. पुढच्या दशकात मोठ्या हॉटेल साखळ्यांनी ते उचललं. १९९८ मध्ये प्राइसलाइन आली, तिथं गिऱ्हाइकानेच आपला भाव सांगायचा. २०११ मध्ये हॉटेलटुनाइट हे ॲप सुरू झालं, ते सुरुवातीला फक्त त्याच रात्रीच्या खोल्या विकायचं. या सगळ्यांचा आधार एकच आहे. झाडलोट, वीज, रात्रपाळीचा माणूस हा खर्च खोली भरली तरी होतो आणि न भरली तरी बराचसा होतोच. त्यामुळे रिकामी ठेवण्यापेक्षा कमी भावाने दिलेली बरी. शिवाय रस्त्याकडेच्या कित्येक हॉटेलांत त्याच दिवशी दुपारी चार किंवा संध्याकाळी सहापर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं. दोन-दोन ठिकाणी खोल्या धरून ठेवलेली माणसं त्याआधी एक सोडून देतात आणि सुटलेल्या खोल्या यादीत परत येतात. पाच ते सात ही वेळ मला त्यामुळेच सगळ्यात चांगली वाटते. रविवारची रात्र आणखी चांगली, कारण सुटीवाले घरी परतलेले असतात आणि कामाची माणसं अजून आलेली नसतात.

पण सहा माणसांच्या कुटुंबाने सगळ्यात स्वस्त दराच्या मागं लागू नये. पैसे भरेपर्यंत हॉटेलाचं नाव लपवून ठेवणारे सौदे असतात, त्यात सूट मोठी मिळते. मात्र त्यात खोली सहसा दोन माणसांचा हिशेब धरून मिळते, खाटा कोणत्या हे ठरलेलं नसतं आणि पैसे परत मिळत नाहीत. आईला जिना चढवत नाही. जुन्या दुमजली मोटेलांना लिफ्ट नसते, म्हणून तळमजला लागतो. दोन खोल्या शेजारी-शेजारी लागतात, कारण नातवंडं एकीकडे आणि आजी-आजोबा दुसऱ्या टोकाला असं चालत नाही. या गोष्टी ॲपवर लिहिता येतात, पण त्या पाळायच्या की नाही हे काउंटरवरचा माणूसच ठरवतो. म्हणून मी दर ॲपवर बघते आणि मग त्या मोटेलला थेट फोन लावते.

हे मी बाबांकडून शिकले. मिझुरीच्या पश्चिमेला एका छोट्या गावात आम्ही एका मोटेलपुढे थांबलो होतो. नवरा फोनवर बुकिंगचं बटण दाबणार, तोवर बाबा आत जाऊन पोचले. काउंटरमागचे गृहस्थ नवसारीकडचे निघाले. बाबांनी बर्डीवर कापड घेताना लावतात तोच सूर लावला, "भाईसाहब, कुछ कम करो ना, बच्चे साथ में हैं." त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की फोनवर जो दर दिसतोय त्यातले पंधरा-वीस टक्के मधल्या कंपनीला जातात, तुम्ही माझ्याकडूनच घ्या, मी त्याहून कमी लावतो आणि तळमजल्यावरच्या दोन लागून असलेल्या देतो. मागच्या दारातून भाजीला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. त्यांचं घर काउंटरच्या मागेच होतं. त्यांची बायको सकाळी चादरी बदलते आणि मुलगी शाळेतून आली की फोन घेते, हे त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा आईने पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला.

अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मोटेलं आज भारतीय वंशाच्या लोकांची आहेत आणि त्यातही दक्षिण गुजरातचे पटेल सगळ्यात जास्त. स्वस्त खोली स्वस्त राहते ती या कुटुंबांच्या श्रमावर, ज्यांचा पगार कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. म्हणून माझ्या भाड्यातला वाटा त्यांच्या खिशातून मधल्या कंपनीकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. वाचकांतलं कोणी इकडे गाडी घेऊन निघणार असेल, तर एवढं जरूर करावं. एक फोन करायला दोन मिनिटं लागतात.

लपवलेल्या शुल्कांचा त्रास आता थोडा कमी झाला आहे. खोली ऐंशी डॉलरची म्हणून दाखवायची आणि शेवटच्या पानावर निरनिराळ्या नावांची शुल्कं चढवायची, हा प्रकार सर्रास चालायचा. मे २०२५ पासून संघीय व्यापार आयोगाच्या नियमाने सक्तीची शुल्कं धरूनच दर आधी दाखवावा लागतो. सरकारी कर मात्र वेगळे असू शकतात, ते विचारून घ्यावेत.

काही रात्री कुठलीच युक्ती चालत नाही. विद्यापीठाच्या गावात फुटबॉलचा शनिवार असला किंवा पदवीदान असलं की पन्नास मैलांत खोली नसते. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सेंट लुईसला चुकवून दक्षिणेकडून, केप जिराडो आणि कार्बनडेलवरून गेला. त्या सुमाराला एरवी शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या खोल्या कित्येक पट दराने गेल्या. मला याचं नवल वाटलं नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की बर्डीवरच्या लॉजांचं काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. आमदार निवासात मावत नाहीत ते कार्यकर्ते, बाहेरगावचे पत्रकार, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्चांतली माणसं, सगळ्यांना रात्र काढायची असते. त्या गर्दीतच गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पेशंट घेऊन आलेलं एखादं कुटुंब बर्डीवरच्या मोदी नंबर तीनच्या गल्लीत दारोदार विचारत फिरायचं. त्यांच्यासाठी ऐनवेळची खोली ही बचतीची गोष्ट नव्हती.

बर्डीच्या लॉजांची एक पद्धत मला अजून न्याय्य वाटते, ती चोवीस तासांच्या चेकआउटची. रात्री दहाला आलात तर उद्या रात्री दहापर्यंत खोली तुमची. इकडे दुपारी तीनला आत आणि सकाळी अकराला बाहेर, मग तुम्ही मध्यरात्री आला असलात तरी.

अमेरिकी कुटुंबाच्या मोटारप्रवासाला आज जी सोय आहे तिचा पाया १९५१ च्या एका सहलीत आहे. मेम्फिसचे केमन्स विल्सन बायको आणि पाच मुलांना घेऊन वॉशिंग्टनला गेले. वाटेतल्या मोटेलांनी प्रत्येक मुलामागं जादा पैसे घेतले. परत आल्यावर त्यांनी १९५२ मध्ये मेम्फिसच्या समर अव्हेन्यूवर पहिलं हॉलिडे इन काढलं आणि आई-वडिलांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलांना फुकट ठेवलं. पुढे सगळ्यांनाच ते करावं लागलं.

पण ती सोय सगळ्यांसाठी नव्हती. सेंट लुईसहून निघून दुपारच्या जेवणाला आम्ही बहुधा स्प्रिंगफील्डला थांबतो. मिझुरीतल्या या गावातूनच ३० एप्रिल १९२६ रोजी शिकागो ते लॉस एंजेलिस रस्त्याला ६६ क्रमांक देण्याची तार गेली. त्या रस्त्यावरची निऑनच्या पाट्यांची मोटेलं आज लोक फोटो काढायला शोधत येतात. त्यांतल्या बहुतेकांनी काळ्या प्रवाशांना खोली दिली नसती. स्प्रिंगफील्डमध्ये अल्बर्टा एलिस या काळ्या बाईंनी चालवलेलं 'अल्बर्टाज हॉटेल' होतं, काळी कुटुंबं तिथं उतरत. ती इमारत आता उरलेली नाही. त्या हॉटेलचं नाव 'ग्रीन बुक'मध्ये असायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६ पासून ही पुस्तिका काढत, आपल्याला कुठं झोपू देतील, कुठं जेवण मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल याची. ती नसेल तर डबा बांधून घ्यायचा, रात्रभर गाडी हाकायची किंवा गाडीतच झोपायचं. काळ्या कुटुंबाला ऐनवेळी ठरवायची मुभाच नव्हती. त्यांची प्रत्येक रात्र आधीपासून नक्की असावी लागे.

थोरलीला हे मी स्प्रिंगफील्डमध्ये सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे असं नव्हतं ना?" मग तिला मसूर स्टेशनची गोष्ट सांगावी लागली. १९०१ च्या सुमाराला साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूरला गाडीतून उतरली. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. वाटेत त्यांना कोणी पाणी दिलं नाही. त्या मुलांत एक भीमराव होता. तोच मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन तो पारशांच्या एका सराईत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत सराई सोडायला त्याला बजावलं. दोन मित्रांकडे तो आसरा मागायला गेला, दोघांनीही टाळलं. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्याने बागेत बसून काढला. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यांचा तो अनुभव दरापेक्षा कितीतरी आधीच्या प्रश्नाचा आहे, काउंटरवर उभं राहायला मिळतं की नाही याचा.

आणि पुढं बर्डी येते. ऑक्टोबर १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब नागपूरला आले तेव्हा पत्नी माईसाहेबांसह सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेला पत्रकारांशी ते तिथंच बोलले आणि १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या सकाळी, तिथूनच दीक्षेच्या मैदानाकडे गेले. त्यांच्या मागून लाखो माणसं नागपुरात आली होती. त्यांनी कुठल्या हॉटेलात खोली मागितली नव्हती, मैदानांत, शाळांत, ओळखीच्या-अनोळखी घरांत त्यांनी रात्री काढल्या. आजही दीक्षाभूमीला येणारे बहुसंख्य लोक तसेच राहतात. बर्डीवरून जाताना मला श्याम हॉटेलची जागा नुसती एक जागा म्हणून दिसू शकत नाही. बडोद्याच्या सराईपासून तिथवर एकोणचाळीस वर्षं लागली आहेत.

इकडे नागरी हक्कांच्या कायद्यावर २ जुलै १९६४ रोजी सही झाली. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या 'हार्ट ऑफ अटलांटा' मोटेलच्या मालकाने काळ्यांना ठेवणार नाही म्हणून दावा लावला आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. त्यानंतरच रस्त्याकडेचं मोटेल सगळ्यांसाठी उघडं झालं. पटेल मोटेलं घ्यायला लागल्यावर शेजारच्या गोऱ्या मालकांनी 'अमेरिकी मालकीचे' अशा पाट्या टांगल्या, विमा कंपन्या आणि बँका पटेलांना दाराशी उभं करेनात. त्यातून १९८९ मध्ये अटलांटात त्यांची संघटना उभी राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये ओयो या भारतीय कंपनीने मोटेल ६ ही साखळी ५२.५ कोटी डॉलरला विकत घेतली. संध्याकाळी सहा वाजता माहीत नसलेल्या गावात शिरून खोली मिळेलच, असं मी जे गृहीत धरते, ते इतक्या लोकांनी घडवलेलं आहे.

येत्या डिसेंबरात आम्ही नागपूरला जाणार आहोत. घरात लग्न आहे, घर पाहुण्यांनी भरेल, म्हणून बर्डीवरच दोन खोल्या हव्यात. आमच्या मुलांचे पासपोर्ट अमेरिकी आहेत. एका लॉजने फोनवरच सांगितलं, फॉरेनर ठेवत नाही. कारण परदेशी पासपोर्टवाल्या पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते, ज्याला लॉजवाले सी फॉर्म म्हणतात, आणि छोटे लॉजवाले त्या कटकटीला भितात. त्यांची भीती मी समजू शकते, पण नियम नोंद करायला सांगतो, नाही म्हणायला नव्हे. दुसऱ्या एका लॉजच्या म्हाताऱ्या मालकांशी मी बराच वेळ बोलले. त्यांचा नातू कॉम्प्युटर शिकतो, तो पोर्टलवर नोंदणी करून देणार आहे. "या तुम्ही बाई, पोरांना घेऊन या," ते म्हणाले, "पण अधिवेशनाच्या आधीच सांगून ठेवा." मी तारखा तेव्हाच सांगितल्या आणि आगाऊ पैसेही पाठवले.