मैदान गावाजवळ हवे



चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याची गाडी घेऊन तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. पट्टी हातात पडली, चहा झाला, की मंडळी लगेच परतीची वाट धरतात. पुढच्या खेपेला मात्र थोडा वेळ काढा. आज आपण चाकणहून निघून भोसरीवरून बालेवाडीपर्यंत जाऊ. वाटेत किल्ले-देवळे नव्हे, मैदाने पाहायची आहेत आणि एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. फुटबॉल खेळणाऱ्या अकरा गड्यांचे यश त्यांचे मैदान कुठे बांधले आहे यावर अवलंबून असते काय?

प्रश्न शहरी वाटेल. पण तुमच्या ग्रामपंचायतीत मुलांच्या क्रीडांगणाची जागा ठरवायची वेळ येते तेव्हा हाच प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो. म्हणून थोडे माझ्याबरोबर चला.

निघतानाच चाकणकडे नीट पाहा. १६६० साली याच गावच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले. आज किल्ल्याच्या आसपासच्या शिवारात कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्यांतच फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. तो २००९ साली सुरू झाला.

या कंपनीचे मूळ गाव वोल्फ्सबर्ग. १९३८ साली मोटार कारखान्याच्या कामगारांसाठी म्हणूनच ते वसवले गेले. १९४५ साली तेथे क्रीडामंडळ निघाले. त्याचा फुटबॉल संघ १९९७ साली जर्मनीच्या पहिल्या वर्गात चढला. २००२ अखेर त्यांनी ३० हजार माणसे बसतील असे नवे स्टेडियम उघडले. ते कोठे बांधले? कारखान्याच्या जवळ, रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल अशा जागी. पाळी सुटलेला कामगार मुलाचे बोट धरून सामन्याला चालत जाऊ शकतो. आणि २००९ साली, म्हणजे चाकणचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, हा संघ जर्मनीचा विजेता झाला. कंपनीचा पैसा पाठीशी होता, हे खरेच. पण पैशाच्या जोडीला गावाची पावलेही होती.

आता नाशिक रस्त्याने भोसरीत येऊ. येथील कुस्ती आणि कबड्डी तुम्हाला सांगायला नको. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. शेते गेली, कारखाने आले आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली मुले पोटासाठी येथे येऊन राहिली.

नाशिक फाट्याला उजवीकडे पिंपरी आणि डावीकडे खडकी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. आता गंमत ऐका. लंडनच्या वुलिच भागात असाच एक सरकारी शस्त्रकारखाना होता. तेथील कामगारांनी १८८६ साली फुटबॉलचा संघ काढला. तोच पुढे आर्सेनल म्हणून जगभर गाजला. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. खेळ चांगला होता, पण वुलिच शहराच्या एका टोकाला. तेथे पोहोचणे अवघड. तिकिटाचे पैसे जमेनात, संघ कर्जात बुडाला. तेव्हा १९१३ साली चालकांनी मैदानच हलवले. थेम्स नदी ओलांडून उत्तर लंडनमध्ये हायबरी येथे, भुयारी रेल्वेच्या स्थानकाला खेटून नवे मैदान केले. प्रेक्षक वाढले, गल्ला वाढला, चांगले खेळाडू घेता आले. १९३० साली संघाने मानाचा चषक जिंकला आणि १९३१ ते १९३८ या काळात पाच वेळा इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले. स्थानकाचे नावसुद्धा बदलून आर्सेनल ठेवले गेले.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्या वुलिचच्या कामगारांनी संघ काढला, त्यांच्या दारातून तो गेला. मैदान हलले, की यशाबरोबर माणसेही बदलतात.

आता पिंपळे सौदागर, वाकड करीत बालेवाडीला येऊ. चाकणपासून हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास भरेल. येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. ऐसपैस, देखणे काम आहे. येथेच पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलची आशा उगवली आणि येथेच ती मावळली.

२००७ साली पुणे एफसी हा संघ निघाला. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेत तो देशात दुसरा आला. ही लहान गोष्ट नव्हे. तरी २०१५ साली त्याचा कारभार आटोपला. भारत एफसी नावाचा संघ एकच हंगाम खेळून त्याच वर्षी बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ पर्यंत आय-लीगमध्ये दिसला. एफसी पुणे सिटी २०१४ साली इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ साली तोही बंद झाला. बारा वर्षांत चार संघ आले आणि गेले.

हे संघ केवळ मैदानामुळे बुडाले असे म्हणणे खोटे ठरेल. मालकांच्या आर्थिक अडचणी होत्या, देशातील फुटबॉलची घडीही बदलत होती. नारिंगी सदरे घालून येणारे निष्ठावान पाठीराखेही होते. पण संकुलाच्या दारात उभे राहून चहूकडे पाहा. एका अंगाला महामार्ग, एका अंगाला नदी. पिंपरीचा किंवा चाकणचा कामगार पहिल्या पाळीवरून सुटून, वाहनांच्या गर्दीतून येथे येणार, सामना पाहून रात्री परतणार आणि पहाटे पुन्हा पाळीला जाणार. एखाद्या वेळी तो हौसेने येईल. दर पंधरवड्याला कसा येईल? शिवाय आत मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून दूर बसतो. त्याची आरोळी खेळाडूच्या कानापर्यंत जाता जाता विरते.

आरोळीने काय होते, असे कोणी विचारील. बैलगाडा शर्यतीत घाटाच्या दोन्ही कडांना गाव उभे असते तेव्हा गाडामालकाला काय वाटते, ते त्याला विचारा. फुटबॉलमध्ये याचा पडताळा करोनाच्या काळात आला. मे २०२० मध्ये जर्मनीत रिकाम्या स्टेडियममध्ये सामने सुरू झाले, तेव्हा घरच्या संघांचे विजय कमी झाले. पाहुण्या खेळाडूंना पंचांकडून मिळणारी ताकिदीची कार्डेही घटली. म्हणजे गर्दी पंचालाही नकळत हलवत होती.

कधी जमीनच संघाच्या बाजूने खेळते. बोलिव्हिया देशाचे ला पाझ येथील मैदान सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून हे उंच. तेथे विरळ हवेत पाहुण्यांना धाप लागते. १ एप्रिल २००९ रोजी बोलिव्हियाने बलाढ्य अर्जेंटिनाला तेथे ६-१ असे लोळवले.

एक उलटे उदाहरणही सांगितले पाहिजे. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. २०२१-२२ चा हंगाम करोनामुळे सगळा गोव्यात खेळवला गेला. घरचे मैदान नसतानाही हैदराबादने तो जिंकला. मग मैदानाचे महत्त्व काय राहिले? पुढे पाहा. २०२५ साली तोही संघ हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. चषक मैदानाशिवाय जिंकता येतो. मुळे मात्र चषकाने धरत नाहीत. संकरित बियाणे एक पीक जोमाने देते, पण आंब्याचे झाड तगायला विहीर जवळ लागते, तसेच हे आहे.

मुळे धरलेला फुटबॉल पाहायचा असेल तर कोल्हापूरला जा. तेथे पेठांचे आणि तालमींचे संघ आहेत: पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार. शाहू स्टेडियम भर शहरात. सामन्याच्या दिवशी पेठेतून माणसे पायी येतात. आजोबांनी ज्या संघासाठी गळा ताणला, त्याच संघासाठी नातू ताणतो. या संघांमागे मोठा धनिक मालक नाही. तरी ते पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत, कारण हारले तरी विचारपूस करणारी माणसे दाराशी आहेत.

मंडळी, परतताना चाकणच्या रस्त्याला पुन्हा लागाल तेव्हा एक पाहा. संध्याकाळी कारखान्यांच्या आडोशाला, मोकळ्या राहिलेल्या तुकड्यांवर पोरे काहीतरी खेळत असतात. जमिनी गेल्या, पैसा आला, पण गावाच्या मध्यावर मैदान राखणारी गावे थोडी. उद्या तुमच्या ग्रामसभेत क्रीडांगणाचा विषय निघेल. कोणीतरी म्हणेल, शिवाराच्या टोकाला पडीक जागा आहे, तेथे करून टाकू, स्वस्तात पडेल. तेव्हा उठून विचारा: संध्याकाळी मुलगी तेथे एकटी जाऊ शकेल काय? म्हातारी माणसे पारावरून उठून खेळ पाहायला जातील काय? शाळा सुटल्यावर पोर दप्तरासह तेथे पोहोचेल काय?

उत्तर नाही असेल, तर त्या मैदानावर दोन वर्षांत बाभळी उगवतील. गावाजवळची अर्धी जागा मिळाली तरी ती घ्या. खेळाडू तिथेच तयार होतील आणि त्यांना नावाने हाक मारणारे गावही तिथेच असेल.